चाळिशी-पन्नाशीतला थकवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थकवा तो थकवा. त्याचे प्रकार करून काय मिळते?

उपाय मिळतो. लोह कमी असलेल्या माणसाने आठवडाभर सुट्टी घेतली तरी तो थकलेलाच परत येतो. ज्याची झोपच मोडकी आहे त्याला टॉनिकने काही होत नाही. आणि एक आजार असा आहे की त्यात ‘जरा व्यायाम करा’ हा एरवी बिनधोक वाटणारा सल्ला माणसाला अंथरुणाला खिळवू शकतो.

या वयात आणखी एक गुंता असतो: कारणे सहसा एकटी येत नाहीत. पाळीचा रक्तस्राव वाढलेला, त्यातून लोह उतरलेले, रात्री घामाने दोनदा जाग, आणि दिवसभर घरातल्या आजारी माणसाची उस्तवार, हे सगळे एकाच बाईच्या वाट्याला येऊ शकते. म्हणून एक रिपोर्ट बिघडलेला निघाला की सगळे उत्तर सापडले असे धरू नये, आणि सगळे रिपोर्ट चांगले आले म्हणजे थकवा खोटा असेही नाही.

माझा थकवा कोणत्या जातीचा, हे घरच्या घरी कसे ओळखायचे?

‘किती थकतो’ हे बाजूला ठेवा. ‘कशाने उतरतो आणि कशाने वाढतो’ हे दोन आठवडे पाहा.

झोपेने उतरतो का? सलग तीन-चार रात्री सात-आठ तास झोप मिळाल्यावर बरे वाटले, तर झोप कमी पडत होती, एवढा सरळ हिशेब आहे. तेवढे झोपूनही सकाळी अंग जड असेल, तर झोपेचा दर्जा बिघडलेला आहे किंवा कारण झोपेबाहेरचे आहे.

चालण्याने उतरतो का? दहा-पंधरा मिनिटे चालून आल्यावर हुशारी वाटली, तर तो बहुधा बसून राहण्याचा किंवा डोक्याच्या कामाचा शीण असतो. चालताना धाप लागली, छाती धडधडली, तर रक्त, हृदय, फुप्फुसे तपासायला हवीत. आणि त्या दिवशी ठीक वाटून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस पार कोसळला, तर ती वेगळीच गोष्ट आहे. तिच्याबद्दल पुढे सविस्तर.

सुट्टीने उतरतो का? सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी माणूस खुलतो आणि कामावर जायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा मावळतो, तर दुखणे कामाशी जोडलेले आहे. सुट्टीत आवडीच्या गोष्टींतही मन लागत नसेल, तर नैराश्याचा विचार करावा.

दिवसाची वेळही बोलते. सकाळी सर्वांत वाईट आणि संध्याकाळकडे जरा बरे, हे नैराश्यात अनेकदा दिसते. सकाळी डोके जड आणि तोंड कोरडे हे झोपेत श्वास अडण्याचे लक्षण असू शकते. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान येणारी पेंग बहुतेक निरोगी माणसांनाही येते. तिच्यासाठी रक्त तपासत बसू नये.

नोंद रोज एकाच ओळीत करा: कधी झोपलो, कधी उठलो, मध्ये किती वेळा जाग आली, सकाळ-दुपार-रात्रीचा थकवा दहापैकी किती, चहा-कॉफी शेवटची कधी, कोणती औषधे, पाळी असेल तर कितवा दिवस. यापेक्षा लांब नोंदवही चार दिवसांत बंद पडते.

झोप येणे आणि थकणे यांत फरक काय?

झोप येणाऱ्या माणसाला संधी मिळाली की डोळा लागतो: बैठकीत, प्रवासात, सिग्नलला गाडी थांबली तरी. थकलेल्या माणसाला आडवे व्हावेसे वाटते, पण झोप लागेलच असे नाही. निद्रानाशाचे रुग्ण तर हमखास सांगतात की दिवसभर गळून गेल्यासारखे होते आणि दुपारी पडले तर डोळा मिटत नाही.

हे मोजायला एपवर्थ स्लीपीनेस स्केल नावाची प्रश्नावली आहे. १९९१ पासून ती जगभर वापरतात. वाचत बसणे, टीव्ही पाहणे, जेवणानंतर शांत बसणे अशा आठ प्रसंगांत डुलकी लागण्याची शक्यता ० ते ३ गुणांत द्यायची, एकूण २४. बेरीज १० च्या वर गेली तर दिवसाची झोप वाजवीपेक्षा जास्त आहे असे मानून झोपेची तपासणी करावी. गाडी चालवताना एकदा जरी डोळा लागला असेल, तर बेरीज कितीही येवो, कारण सापडेपर्यंत गाडी चालवू नका.

आठ तास झोपतो, तरी सकाळी शिणलेलाच उठतो. असे का?

या वयात पहिला संशय झोपेतल्या श्वासरोधावर, म्हणजे स्लीप ॲप्नियावर घ्यावा. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासमार्ग मिटतो, श्वास किमान दहा सेकंद थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास पुन्हा सुरू करतो. ही जाग इतकी ओझरती असते की सकाळी आठवत नाही. असे तासाला ५ ते १५ वेळा झाले तर सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या पुढे तीव्र.

मोठ्याने घोरणे, मध्येच शांतता आणि मग धापेसरशी पुन्हा सुरू होणे, हे शेजारी झोपणाऱ्यालाच दिसते. त्यामुळे त्याला विचारा. सकाळची डोकेदुखी, गोळ्यांना न जुमानणारा रक्तदाब, ४० सेंटिमीटरहून जाड मान ही आणखी चिन्हे. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागणे हेही त्यातच मोडते. पुष्कळ पुरुष त्याचा दोष प्रोस्टेटवर ढकलून मोकळे होतात.

बायकांमध्ये हा आजार बराच निसटतो. पाळी गेल्यावर त्याची शक्यता वाढते, पण तक्रार घोरण्याची नसते. ती असते थकव्याची, झोप मोडण्याची, डोके दुखण्याची. मग झोपेची गोळी मिळते, आणि काही झोपेच्या गोळ्यांनी श्वास आणखी मंदावतो.

घरी करायची चाचणी सोयीची आहे, पण बहुतेक यंत्रे प्रत्यक्ष झोप मोजत नाहीत, फक्त श्वास आणि प्राणवायू मोजतात. रात्रभर टक्क जागे राहिलात तरी तो वेळ हिशेबात धरला जाऊन आकडा कमी येऊ शकतो. लक्षणे ठळक असतील आणि घरची चाचणी ‘नॉर्मल’ आली, तर निद्राकेंद्रातली पूर्ण रात्रीची चाचणी मागा.

मध्यम-तीव्र आजारात सीपॅप यंत्र गुणकारी ठरते. ते मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवते. लोक ते सोडून देतात ते मुख्यतः मास्क नीट न बसल्यामुळे: हवा डोळ्यांकडे गळते, नाक कोरडे पडते, तोंड उघडे राहते. मास्कचे माप बदलणे, यंत्राला दमट हवेची टाकी जोडणे, आणि पहिले काही दिवस जागेपणी तास-अर्धा तास लावून बसणे, एवढ्याने बहुतेकांचे जमते. सौम्य आजारात कुशीवर झोपणे, रात्री मद्य टाळणे आणि वजन उतरवणे यांनी फरक पडतो.

श्वासाचा दोष नसेल तर पाय पाहा. संध्याकाळी आडवे झाल्यावर पायांत वळवळ, हलवल्यावर आराम, पुन्हा वळवळ. हा रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम. यात फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्तचाचणी) तपासावे आणि ७५ पेक्षा कमी असेल तर लोह देण्याचा विचार करतात. नेहमीच्या मर्यादेपेक्षा हा आकडा बराच वरचा आहे, म्हणून रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापलेले पाहून थांबू नये.

पडल्यावर तासन्‌तास डोळा लागत नाही. काय करावे?

आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री, तीन महिने असे चालले तर तो जुनाट निद्रानाश. त्याचा पहिला उपचार गोळी नाही, सीबीटी-आय ही झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलण्याची सहा ते आठ आठवड्यांची पद्धत आहे. तिच्यात सर्वांत परिणामकारक भाग ऐकायला उलटा वाटतो: अंथरुणातला वेळ कमी करायचा.

समजा रात्री अकरा ते सकाळी सात असे आठ तास तुम्ही पडून असता, पण झोप सहाच तास लागते. तर अंथरुणातला वेळ सहा तासांवर आणा. उठायची वेळ सातची पक्की, म्हणून झोपायला जायचे रात्री एकला. आठवडाभर पडलेल्या वेळेपैकी ८५ टक्के वेळ झोप लागू लागली की १५ मिनिटे वाढवायची. झोप कितीही कमी असली तरी हा वेळ पाच-साडेपाच तासांखाली नेऊ नये. वीस मिनिटांत झोप लागली नाही असे वाटले तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसायचे, पेंग आली की परत यायचे. घड्याळ पाहायचे नाही.

पहिले दहा-बारा दिवस त्रास वाढतो आणि नेमके तेव्हाच लोक सोडतात. फिट्स येणाऱ्यांनी, बायपोलर आजार असणाऱ्यांनी आणि जड वाहने किंवा यंत्रे चालवणाऱ्यांनी वेळ कमी करण्याचा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये.

दुपारी झोपावे का?

निद्रानाश नसेल तर खुशाल, तीननंतर नको. गजर वीस मिनिटांचा लावा. गाढ झोपेतून उठवले गेलात तर अर्धा तास डोके बधिर राहते.

चहा-कॉफीने भागते. त्यात वाईट काय?

कॅफीन थकवा काढत नाही. दिवसभर मेंदूत साठणाऱ्या ॲडेनोसिन या द्रव्यामुळे झोप येते. कॅफीन त्याची जागा अडवून बसते, एवढेच. निम्मे कॅफीन शरीराबाहेर जायला साधारण पाच ते सहा तास लागतात, काहींना त्याहून जास्त. संध्याकाळी पाचच्या कॉफीतले निम्मे कॅफीन रात्री साडेदहाला अंगात असू शकते. झोप लागली तरी ती उथळ होते, आणि या वयात गाढ झोप मुळातच कमी झालेली असते.

दुपारी बारानंतर दोन आठवडे बंद करून पाहा. एकदम तोडू नका, डोके दुखते. दर दोन दिवसांनी एक कप कमी करा. मद्याचे उलटे आहे: डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटते.

हिमोग्लोबिन नॉर्मल आहे. तरी लोह कमी असू शकते का?

असू शकते, आणि हे वारंवार नजरेआड होते. शरीर आधी साठ्यातले लोह वापरते. साठा संपत आला की मगच हिमोग्लोबिन उतरते. साठ्याचा अंदाज फेरिटिनवरून येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत हिमोग्लोबिन प्रौढ बायकांत १२ आणि पुरुषांत १३ पेक्षा कमी असेल तर रक्तक्षय; निरोगी प्रौढात फेरिटिन १५ च्या खाली गेले तर लोहाची कमतरता. प्रत्यक्षात बरेच डॉक्टर १५ ची वाट न पाहता ३० च्या खाली आले की उपचार सुरू करतात. पाळी चालू असलेल्या, हिमोग्लोबिन चांगले पण फेरिटिन कमी असलेल्या थकलेल्या बायकांना लोह दिल्यावर थकवा कमी झाल्याचे अभ्यासांत दिसले आहे.

एक सापळा: ताप, संसर्ग, सांध्यांचा दाह, यकृताचे विकार यांत फेरिटिन खोटेच वाढते. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) वाढलेले असताना फेरिटिन ६० आले तर निश्चिंत होऊ नका. सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारे प्रथिन किती टक्के भरलेले आहे, ते पाहा. ते २० टक्क्यांखाली असेल तर लोह कमी असण्याची शक्यता मोठी.

गोळी घेताना गोळीचे वजन पाहू नका, त्यातले मूळ लोह पाहा. २०० मिलिग्रॅमच्या कोरड्या फेरस सल्फेटच्या गोळीत मूळ लोह साधारण ६५ मिलिग्रॅम असते. दिवसातून तीन गोळ्या घेण्याची जुनी पद्धत मागे पडते आहे. एक मात्रा पोटात गेली की हेप्सिडिन हे संप्रेरक दिवसभर वाढते आणि पुढच्या मात्रेचे शोषण अडवते. म्हणून दिवसातून एकदा, किंवा एक दिवसाआड घेतली तरी चालते, आणि पोटही कमी बिघडते. रिकाम्या पोटी घ्यावी. चहा, कॉफी, दूध, कॅल्शियमची गोळी आणि ॲसिडिटीची औषधे दोन तास दूर ठेवावीत. शौच काळसर होते, त्यात काही विशेष नाही. मात्र ते डांबरासारखे चिकट आणि उग्र वासाचे असेल तर तो रक्तस्राव असू शकतो.

आता महत्त्वाचे. पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी निघाले, तर नुसती गोळी देऊन मोकळे होता येत नाही. लोह कुठून तरी गळते आहे, आणि ती गळती जठरातली किंवा आतड्यातली, कधी कॅन्सरचीही असू शकते. एंडोस्कोपी, कोलोनोस्कोपीचा विषय तिथे काढायलाच हवा.

टीएसएच थोडे वाढलेले आहे. थकवा त्याचाच असेल ना?

असेलच असे नाही. टीएसएच म्हणजे थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारे संप्रेरक. त्याची नेहमीची मर्यादा साधारण ०.४ ते ४ असते. ते १० च्या वर आणि टी४ (थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक) कमी असेल तर थायरॉइडच्या गोळीने थकवा, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणे हे सगळे सुधारते. ४ ते १० च्या मधल्या पट्ट्यात टी४ नॉर्मल असताना मात्र गोळी घेऊन आकडा सुधारतो आणि थकवा तसाच राहतो, असे पुष्कळदा होते. दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करा. अनेकांचा आकडा आपोआप खाली येतो.

केस-नखांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन भरपूर असते आणि त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. तपासणीआधी किमान दोन दिवस त्या बंद ठेवा. थायरॉइडची गोळी (लेव्होथायरॉक्सिन) रिकाम्या पोटी पाण्यासोबत, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. लोह आणि कॅल्शियम त्याच्यापासून चार तास लांब. मात्रा बदलली की सहा ते आठ आठवड्यांनीच टीएसएच तपासायचे. आधी तपासून काही कळत नाही.

बी१२ आणि ड जीवनसत्त्वाचे काय?

बी१२ ची शंका तिघांत घ्यावी: मांसाहार न करणारे, अनेक वर्षे मधुमेहावरची मेटफॉर्मिन घेणारे, आणि ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल-पँटोप्राझोल गटातली गोळी कायमची लावून घेतलेले. पातळी २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता. २०० ते ३०० संदिग्ध. हातापायांना मुंग्या, अंधारात तोल जाणे, विसराळूपणा असेल तर उपचाराला उशीर करू नये, कारण नसांची इजा कायमची राहू शकते. नुसते फॉलिक ॲसिड घेतल्याने रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि नसांचे नुकसान मागे चालूच राहते.

ड जीवनसत्त्व फार कमी असेल तर मांड्या आणि खांदे दुबळे होतात: खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो, जिने जड जातात. थोडेसे कमी असेल तर थकव्याचे खापर त्याच्यावर फोडू नका. आणि जास्त मात्रेची औषधे मनाने महिनोन्‌महिने चालू ठेवू नका. कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांवर बेतते.

पाळी अनियमित व्हायला लागल्यापासून गळून गेल्यासारखे होते. हे हार्मोन्समुळे की वयामुळे?

पाळी कायमची थांबण्याआधीचा संक्रमणाचा काळ साधारण चार ते आठ वर्षे चालतो. त्यात थकवा तीन वाटांनी येतो आणि तिन्हींचे उपाय निराळे.

पहिली वाट रक्तस्राव. सात दिवसांपेक्षा जास्त पाळी, दर तास-दोन तासांनी पॅड बदलावा लागणे, अडीच सेंटिमीटरहून मोठ्या गाठी पडणे हा अतिस्राव आहे. ‘या वयात होतेच’ म्हणून सोडून देऊ नये. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी गर्भाशयात बसवायची साधने असे परिणामकारक उपाय आहेत. लोहही सोबत भरावे लागते.

दुसरी वाट रात्रीचा घाम. दिवसा येणारी गरमीची लाट सोसवते, रात्रीची झोप मोडते. हार्मोन उपचार यावर सर्वांत गुणकारी असतात. साठीच्या आत किंवा पाळी थांबून दहा वर्षे व्हायच्या आत ते सुरू केले तर बहुतेक निरोगी बायकांत फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. स्तनाचा कॅन्सर, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी, पक्षाघात झालेला असेल तर ते सहसा देत नाहीत. गर्भाशय असलेल्या बाईला नुसते इस्ट्रोजेन कधीच देऊ नये. सोबत प्रोजेस्टोजेन लागते, नाहीतर गर्भाशयाच्या अस्तराला कॅन्सरचा धोका वाढतो. हार्मोन नको असतील तर बिगर-हार्मोनची औषधेही आहेत.

तिसरी वाट मनाची. या काळात नैराश्य आणि चिंता नव्याने किंवा पुन्हा डोके वर काढतात.

४५ च्या पुढे पाळीच्या या संक्रमणाच्या निदानासाठी एफएसएच हे संप्रेरक तपासण्याची सहसा गरज नसते. आकडा महिन्यामहिन्याला खालीवर होतो. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा डाग जरी पडला, तरी तपासणी टाळू नका.

पुरुषांचा थकवा टेस्टोस्टेरॉन कमी झाल्याने येतो का?

कधीकधी. जाहिराती सांगतात तितक्या वेळा नाही. तपासणी सकाळी दहाच्या आत, दोन वेगवेगळ्या दिवशी करावी. ती दुपारी केली तर आकडा कमी येणारच. सुटलेले पोट, अपुरी झोप आणि स्लीप ॲप्निया यांनी टेस्टोस्टेरॉन उतरते, म्हणजे पुष्कळदा ते कारण नसून परिणाम असते. इंजेक्शने घेतली तर शुक्राणू घटतात आणि रक्त दाट होऊ शकते. मूल हवे असेल तर ती अजिबात सुरू करू नयेत.

सगळे रिपोर्ट चांगले आहेत, पण संध्याकाळपर्यंत डोके जड होते आणि चिडचिड होते.

डोळे आणि कान तपासा. रक्ताच्या नळ्या भरभरून देणारी माणसे या दोन गोष्टींकडे ढुंकून पाहत नाहीत, याचे नवल वाटते.

चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग कडक होत जाते. चष्मा टाळणारा माणूस दिवसभर डोळ्यांच्या स्नायूंना ताण देत राहतो. चष्मा असेल तरी तो बरोबर अंतराचा असायला हवा: वाचनाचा चष्मा ४० सेंटिमीटरसाठी असतो आणि स्क्रीन ६० ते ७० वर. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचा नंबर खालच्या भागात असल्याने स्क्रीन वाचायला हनुवटी वर करावी लागते. मान आखडते, डोके दुखते आणि त्याला थकवा म्हटले जाते. उपाय: स्क्रीन खाली आणा किंवा फक्त स्क्रीनच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्या.

ऐकू कमी येऊ लागले की गलक्यात समोरच्याचे बोलणे जुळवून घ्यायला मेंदू राबतो. बैठका, समारंभ यांनंतर पार शीण येत असेल आणि टीव्हीचा आवाज घरच्यांना मोठा वाटत असेल, तर ऑडिओमेट्री करून घ्या.

एखाद्या औषधाने थकवा येतो का?

हो, आणि यादी लांब आहे: सर्दीच्या गोळ्यांतले क्लोरफेनिरामिन, रक्तदाबाचे बीटा-ब्लॉकर, नसांच्या दुखण्यासाठीची प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन आणि ॲमिट्रिप्टिलीन, चिंतेवरच्या गोळ्या. लघवी वाढवणाऱ्या औषधांनी सोडियम-पोटॅशियम उतरून अशक्तपणा येतो. कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिनने स्नायू दुखत असतील तर सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारे द्रव्य) तपासतात. थकवा सुरू होण्याआधीच्या दोन महिन्यांत काय नवीन लागले किंवा काय वाढवले, ते पाहा. बीटा-ब्लॉकर आणि चिंतेवरच्या गोळ्या एकदम बंद करणे धोक्याचे आहे. कमी करायच्या त्या डॉक्टरांना विचारून.

हे बर्नआउट आहे की डिप्रेशन?

बर्नआउट कामाच्या जागी जन्मते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात त्याची नोंद आजार म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून आहे. त्याची तीन अंगे: पार थकून जाणे, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. त्या माणसाला कामाबाहेर हसू येते, भूक लागते, जुना मित्र भेटला की तो खुलतो.

नैराश्य सगळीकडे सोबत येते. दोन आठवडे बहुतेक दिवस मन खिन्न असणे किंवा कशातच रस न वाटणे, यांपैकी एक जरी असेल तर डॉक्टरांशी बोलायला हवे. पहाटे नेहमीपेक्षा दोन तास आधी जाग येऊन मनात काळे विचार घोळणे, हे ठळक चिन्ह. मरणाचे विचार येत असतील तर आजच कुणाला तरी सांगा आणि एकटे राहू नका.

बर्नआउटवर सुट्टी हा अर्धाच उपाय. परत आल्यावर कामाचा बोजा, अधिकार आणि वेळा त्याच राहिल्या तर काही आठवड्यांत माणूस पुन्हा तिथेच येतो. घरातल्या आजारी किंवा वृद्ध माणसाची काळजी घेणाऱ्यांचेही असेच. त्यांना ‘काही मदत लागली तर सांग’ म्हणण्याचा उपयोग नाही, कारण काय सांगायचे हे ठरवणे हेच एक काम होऊन बसते. एक काम पुरते उचलावे: औषधे संपायच्या आत आणणे, तपासणीच्या तारखा लक्षात ठेवून घेऊन जाणे, ठरलेल्या दोन रात्री जागणे. करणे आणि आठवण ठेवणे दोन्ही दुसऱ्याकडे गेले, तरच ओझे उतरते.

व्यायामाने उत्साह येतो म्हणतात. माझा थकवा वाढतोच आहे.

दोन शक्यता आहेत आणि त्या ओळखण्यात चूक झाली तर नुकसान होते.

एक, सवय मोडलेली आहे. तिशीनंतर स्नायू दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के घटतात. अशा माणसाला व्यायामाने अंग दुखते, दमायला होते, पण एक-दोन दिवसांत निवळते आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत तेच काम सोपे वाटू लागते. रोज दहा मिनिटांच्या चालण्यापासून सुरू करा, दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवा. चालताना बोलता यावे, गाता येऊ नये, इतका वेग पुरे. आठवड्याला १५० मिनिटे आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम हे गाठायचे माप. ताकदीचा भाग बहुतेक जण गाळतात, आणि जिना चढताना पाय भरून येणे त्यानेच कमी होते.

दुसरी, श्रमानंतर १२ ते ४८ तासांनी येणारी कोसळण. हलक्या कामानंतर, कधी नुसत्या लांब फोनवरच्या बोलण्यानंतर, पुढचे काही दिवस अंग मोडणे, डोक्यात धुके, घसा दुखणे, उभे राहिले की गरगरणे. हे सहा महिने टिकले, झोपेने ताजेपणा येत नसेल, आणि आधी करत होता ती कामे जमेनाशी झाली असतील, तर एमई/सीएफएस (क्रॉनिक फटीग सिंड्रोम) या आजाराचा विचार होतो. कोविडनंतरही काहींना असेच चित्र दिसते. यात ‘थोडे थोडे वाढवत न्या’ हा सल्ला चालत नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शनात तो काढून टाकला. इथे ताकद राखून वापरायची असते: ज्या मर्यादेत दुसऱ्या दिवशी कोसळण होत नाही ती नोंदींवरून शोधायची, कामाचे तुकडे करायचे, आणि बरे वाटणाऱ्या दिवशीही तिच्या पुढे जायचे नाही. चांगल्या दिवशी साठलेली सगळी कामे उरकायला जाणे, हीच सर्वांत नेहमीची चूक.

‘ॲड्रिनल फटीग’ खरेच असते का?

ताणाने मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी थकतात, असा तो दावा. त्या नावाचे निदान संप्रेरकतज्ज्ञ मान्य करत नाहीत, आणि त्यासाठी विकल्या जाणाऱ्या लाळेच्या चाचण्या व पूरक गोळ्यांवर पैसे घालवू नयेत. ॲडिसनचा आजार, ज्यात या ग्रंथींची संप्रेरके खरोखर कमी पडतात, मात्र खरा आणि गंभीर आहे: वजन उतरणे, रक्तदाब कमी, खारट खाण्याची ओढ, हिरड्या आणि तळहातांच्या रेषा काळवंडणे.

कोणत्या तपासण्या कराव्यात?

पहिल्या फेरीत सीबीसी, फेरिटिन, टीएसएच, एचबीए१सी किंवा उपाशीपोटीची साखर, क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, सीआरपी किंवा ईएसआर आणि लघवी, एवढे पुरे. बी१२ वरच्या तिघांत. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी चाचणी) ६.५ किंवा जास्त असेल तर मधुमेह, ५.७ ते ६.४ त्याच्या उंबरठ्यावर. लोहाच्या कमतरतेत हा आकडा खोटाच थोडा जास्त येऊ शकतो. शंभर चाचण्यांच्या पॅकेजमध्ये निरोगी माणसाचेही चार-पाच आकडे मर्यादेबाहेर पडतात आणि मग त्यांच्या मागे धावण्यात महिने जातात. कारण नसताना केलेले ट्यूमर मार्कर तर घोर लावण्यापलीकडे फारसे काही करत नाहीत.

कोणत्या लक्षणांत थांबू नये?

छातीत दडपण, विश्रांतीतही धाप, एका बाजूला अचानक अशक्तपणा, बेशुद्धी: त्याच क्षणी रुग्णालय. बायकांत हृदयविकाराच्या झटक्याआधी काही दिवस-आठवडे नेहमीपेक्षा वेगळा, अनाकलनीय थकवा येऊ शकतो. त्याला धाप किंवा जबडा-पाठदुखीची जोड असेल तर ईसीजी त्याच दिवशी. प्रयत्न न करता सहा महिने-वर्षात ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरणे, कपडे भिजवणारा रात्रीचा घाम, न जाणाऱ्या गाठी, शौचातून रक्त: त्याच आठवड्यात डॉक्टर.

उपचार सुरू केला. फरक कधी दिसावा?

लोहाने तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण २ ग्रॅमने वाढायला हवे. ते नॉर्मल झाल्यावरही साठा भरण्यासाठी गोळी आणखी तीन महिने चालू ठेवायची. वाढले नाही तर गोळी खरेच घेतली जाते का, कशासोबत घेतली जाते, रक्तस्राव चालू आहे का, आतड्यातले शोषण ठीक आहे का, या क्रमाने पाहायचे. सीपॅपने काहींना पहिल्या आठवड्यातच हलके वाटते, काहींना दोन-तीन महिने लागतात. नैराश्याच्या औषधांचा परिणाम दोन ते चार आठवड्यांत जाणवू लागतो, पुरता यायला सहा ते आठ. आणि एका वेळी एकच बदल करा. लोह, सीपॅप आणि कॉफीबंदी एकाच सोमवारी सुरू केली तर गुण कशाचा आला ते कुणालाच सांगता येणार नाही.